घरगुती ड्रिल घेताना आधी भिंत बघा

खटपट्या, पुणे

सेल लागला की दरवर्षी तोच प्रश्न येतो: घरात वापरायला कॉर्डलेस ड्रिल घ्यायचंय, किती व्होल्टचं घेऊ? माझं मत सांगतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. भिंतीला भोकं पाडायची म्हणून कॉर्डलेस घेऊ नका. ते स्क्रू पिळायला आणि लाकूडकामाला घ्या, १२ व्होल्टचं घ्या. भिंतीसाठी वायरचं साधं मशीन वेगळं ठेवा.

व्होल्टच्या आकड्यांनी लोकांना फार फसवलं जातंय, म्हणून हे लिहायला घेतलं. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा धरतात, पूर्ण चार्ज झाला की तो ४.२ पर्यंत जातो. असे पाच सेल जोडले की १८ व्होल्ट, काठोकाठ भरल्यावर २१. म्हणजे एका खोक्यावर १८, दुसऱ्यावर २० मॅक्स आणि तिसऱ्यावर २१ छापलेलं असलं तरी आत तेच पाच सेल असतात. १२ व्होल्टवाल्यात तीन. आणि ऑनलाइन ती ४८, ८८ असे आकडे मिरवणारी किट्स दिसतात ना? ८८ व्होल्टसाठी चोवीस-पंचवीस सेल लागतील. मुठीएवढ्या बॅटरीत ते मावतील कुठे? अशा किटच्या वाटेला जाऊ नका. व्होल्टच्या आकड्यावर खोटं बोलणारा टॉर्कच्या, म्हणजे पिळण्याच्या जोराच्या, आकड्यावर खरं बोलेल कशावरून?

आता कॉर्डलेस का घ्यायचं ते. बिट धरणाऱ्या चकाच्या मागे आकडे लिहिलेली रिंग असते, तो क्लच. ट्रॉलीच्या बिजागरीचा स्क्रू पार्टिकल बोर्डात पिळताना रिंग चार-पाचवर ठेवा. स्क्रूचं डोकं टेकलं की कर्रकर्र आवाज येतो आणि बिट फिरायचं थांबतं. वायरच्या साध्या ड्रिलला क्लच नसतो, आणि ते मिनिटाला २,८०० ते ३,००० फेरे मारतं. कॉर्डलेसचा पहिला गिअर ४०० च्या आसपास असतो. वायरच्या मशीनने बोर्डात स्क्रू पिळायला गेलात तर बोट ट्रिगरवरून उठेपर्यंत आत भुसा झालेला असतो. मग तो स्क्रू गरगर फिरत राहतो, धरत नाही.

आटपाडीचा आबा

मी वायरमन होतो, आता घरचीच कामं करतो. मला तुमचा अर्धा सल्ला मान्य आहे, तो वायरच्या मशीनचा. उरलेला अर्धा म्हणजे पैसे वाया घालवणं.

सामान्य घरात ड्रिल वर्षातून कितीदा बाहेर निघतं? दिवाळीच्या साफसफाईत एखादं फडताळ, घर बदललं तर पडद्यांचे रॉड, मधेच कधीतरी घड्याळ. बाकी वेळ ते माळ्यावर पडून. वायरचं मशीन दहा वर्षांनी काढा, पिन लावा, फिरतं. कार्बन ब्रश घासले तर ते पेठेत शे-दोनशेत बदलून मिळतात. लिथियमची बॅटरी मात्र वापरा न वापरा, वयानुसार उतरतच जाते. पूर्ण रिकामी होऊन महिनोन्‌महिने पडली तर चार्जर तिला घेतही नाही. नवी बॅटरी जवळजवळ किटच्या निम्म्या किमतीला, तीही त्याच कंपनीची, त्याच सिरीजची. सिरीज बंद झाली तर चांगली मोटर भंगारात. हे मला बघवत नाही.

५०० वॅटचं, १० एमएम चकाचं, हॅमरवालं (फिरता फिरता ठोकेही देणारं) मशीन चांगल्या कंपनीचं तीन हजारांच्या आतबाहेर येतं. स्क्रू पिळायला हातात जोर आहे आणि पन्नास रुपयांचा पेचकस आहे.

ठाणेकर स्नेहल

आबा, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगते, तुमच्या ५०० वॅटच्या मशीनने आमच्या भिंतीवर प्लास्टरच्या पुढे फारसं काही होत नाही. आमची इमारत नव्या पद्धतीची, ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेली. बेडरूममधली पार्टिशनची भिंतसुद्धा काँक्रीटची. तिथे हॅमर ड्रिल नुसतं किंचाळतं, बिटचं टोक तापून निळं पडतं आणि भोक जेमतेम नखाएवढं खोल.

ह्याचं कारण समजून घ्यायला हवं. हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून उड्या मारत खडखडतात. ठोके मिनिटाला चाळीस हजारांच्या वर, पण एकेक ठोका हलका, आणि मागून जोर आपल्या खांद्याने लावायचा. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा आतला ठोकळा बिटवर आपटते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेक ठोका दोन ज्यूलच्या पुढचा. काँक्रीट फुटतं ते ह्या ठोक्याने. ८ एमएमचं भोक मशीन नुसतं सरळ धरलं तरी जातं, अंगाचा भार टाकावा लागत नाही. माझ्यासारख्या बेताच्या ताकदीच्या माणसाला हा फरक फार मोठा आहे.

म्हणून खटपट्यादादा, तुमचं १२ व्होल्टही मला पटत नाही. एकदा १२ ची बॅटरी घेतली की पुढची सगळी साधनं त्याच छोट्या कुटुंबातली घ्यावी लागतात. १८ व्होल्टच्या बॅटरीवर ड्रिल चालतं, रोटरी हॅमर चालतो, ग्राइंडर आणि ब्लोअरही. पुढची साधनं बॅटरीशिवाय नुसती बॉडी मिळतात, स्वस्त पडतात.

खटपट्या, पुणे

स्नेहलताई, काँक्रीटचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, तिथे रोटरी हॅमरच. पण तो वर्षातून एकदा लागतो. पुण्यात तरी हार्डवेअरवाले दिवसाच्या भाड्याने देतात, ठाण्यातही मिळावा. त्यासाठी रोजच्या वापराचं मशीन जड कशाला करायचं? १८ चं हॅमरवालं कॉर्डलेस बॅटरीसकट दीड किलोच्या पुढे जातं, १२ चं किलोभराचं. शिडीवर उभं राहून डोक्याच्या वर हात करून पडद्याचा ब्रॅकेट लावताना हे अर्धा किलो मनगटाला जाणवतं. आणि घरी ग्राइंडर किती जण चालवतात?

भिंत कोणती हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. ५ किंवा ६ एमएमचं बिट घ्या, हॅमर बंद ठेवून कोपऱ्यात दिसणार नाही असं एक भोक सुरू करा आणि खाली कागद धरा. आधी प्लास्टरची करडी पूड पडेल, ती सोडून द्या. त्यानंतर लाल पूड आली तर वीट. पांढुरकी, रव्यासारखी, भराभर येत राहिली तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा, ज्याला आपण सरसकट सिपोरेक्स म्हणतो. करडी, पिठासारखी, अगदी थोडी येऊन बिट अडलं तर काँक्रीट. आणि छान चाललेलं बिट एकदम टणकन थांबलं, पूडच बंद झाली, तर सळई लागली. तिथे जोर करू नका, इंच-दोन इंच सरकून नवं भोक घ्या.

सिपोरेक्समध्ये हॅमर लावूच नका. ब्लॉक आतून भुगा होतो आणि भोक बिटापेक्षा मोठं पडतं. मग गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी, बोटाने बाहेर येते. तिथे १२ व्होल्टचं मशीन नुसत्या फिरण्यावर आरामात जातं. गिट्टी मात्र ब्लॉकसाठीची, मोठ्या आट्यांची घ्या. गिझर टांगताना तर ह्यात काटकसर नकोच, पाणी भरल्यावर २५ लिटरच्या गिझरचं नुसतं पाणीच २५ किलो.

कुडाळचा बाबू

मग सुरुवातीलाच 'भिंतीसाठी कॉर्डलेस नको' असं सरसकट कशाला लिहिलंत? आमच्याकडे घरं चिऱ्याची. जांभा दगड काँक्रीटसारखा हटून बसत नाही, १२ व्होल्टवाल्याने सहज भोक पडतं. आम्हाला कॉर्डलेसच बरं. पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, आणि पडवीच्या टोकाला, गोठ्यात, मांगराच्या दाराशी वायर ओढत न्यायची कुठून? चिऱ्याची अडचण वेगळीच आहे. त्याला आतून पोकळ भोकं असतात, एखाद्या ठिकाणी गिट्टी नुसती हलत राहते. तिथे लांब गिट्टी लांब स्क्रू, किंवा सरळ सिमेंट भरून दुसऱ्या दिवशी काम.

एडिसनकर, न्यू जर्सी

इकडचे व्हिडिओ बघून तिकडे मशीन ठरवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इथली घरं लाकडी सांगाड्याची, वर जिप्समचे पत्रे. दर १६ इंचांवर उभी लाकडी पट्टी. इथला माणूस भिंतीत स्क्रू मारतो म्हणजे लाकडात मारतो. त्यामुळे '१२ व्होल्टमध्ये सगळं होतं' हे इथे खरं आहे. ते ठाण्याच्या काँक्रीटला लावू नका.

दुसरं, इथून येताना कोणाला ड्रिल आणायला सांगू नका. बरेचसे चार्जर फक्त १२० व्होल्टचे असतात, तिकडच्या २३० वर जळतील. बॅटरीला तिकडे वॉरंटीही मिळत नाही. तरी आणलंच, तर मशीन चेक-इनमध्ये आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, १०० वॅट-अवरच्या आतल्या. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६, ती चालते.

ठाणेकर स्नेहल

बाबू, अगदी बरोबर. आणि आबा, कॉर्डलेसचा एक गुण तुमच्या धंद्यातला असूनही तुम्ही धरला नाहीत. मेन स्विच बंद करून भोक पाडता येतं. भिंतीत वायर कुठून गेलीय ह्याची शंका असेल तिथे मी हेच करते. वायरच्या मशीनला लाईट चालूच ठेवावी लागते.

आटपाडीचा आबा

मेनचा मुद्दा घेतला ताई, तो खरा आहे. बॅटरीच्या खर्चाबद्दल माझं मत मात्र तेच. ज्याला घ्यायचीच आहे त्याने निम्मी चार्ज करून गार जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी बघावी. पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नये.

पण मेन बंद केला म्हणून पाण्याची लाईन बंद होत नाही. बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली वायर असते, तसाच नळाच्या आणि गिझरच्या पॉइंटच्या रेषेत पाइप असतो, उभा किंवा आडवा. त्या पट्ट्यात भोक घेऊ नका. आणि घरात काम सुरू असेल तर प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून.