सेकंड इयरच्या मुलांना फील्डवर कुठे नेऊ?

रानवाट: यंदा गोव्यात डिचोलीकडच्या कॉलेजात सेकंड इयरचा प्लांट सायन्स आणि इकोसिस्टीम कॉन्झर्वेशनचा पेपर माझ्याकडे आलाय. नुसत्या स्लाइडवर शिकवायचं जिवावर येतं हो, मुलांना सुंदरबनची खारफुटी पाठ आहे पण मांडवीकाठची ओळखत नाहीत. पन्नासेक मुलं, बस वर्षातून दोनदाच मिळणार. कुठे नेऊ?

मानशीकाठ: एक बस चोडणला, डोळे मिटून. रायबंदरहून फेरी घेतली की पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम 1.78 चौ. किमी., पण वनखात्याची परवानगी आधी काढा आणि ओहोटीची वेळ बघूनच जा, नाहीतर खारफुटीची श्वसनमुळं, म्हणजे हवा घ्यायला चिखलातून वर आलेली मुळं, पाण्याखाली असतात. कांदळ मीठ मुळाशीच गाळतो, तिवराचं झाड पानांतून बाहेर टाकतं, पानावर बोट फिरवून जिभेला लावलं की मुलं जन्मात विसरत नाहीत. येताना खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचा, बांध आणि त्यातली मानस, म्हणजे पाण्याची झडप, नक्की दाखवा. भरतीच्या दाबाने मानशीची दारं बंद होतात, ओहोटीला उघडतात, म्हणूनच आत भातशेती होते. बांध फुटला की खारं पाणी शेतात, हळूहळू खारफुटीही आत, मग वाचवायचं काय, शेत की खारफुटी? यावर वर्गात वाद घडवा मॅडम, कॉन्झर्वेशन तिथेच कळतं.

सत्तरीकर: सत्तरीत बांबरला निरंकाराची राय आहे, मिरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळाच्या झाडांची, दलदल, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं बघण्यासारखीच. पण ती देवराई आहे, गावकऱ्यांना विचारून जा आणि कृपा करून पन्नास जण नेऊ नका, रोपं तुडवली जातात. प्रोजेक्टवाली चार-पाचच न्या.

सड्यावरचा: मी तर म्हणेन बसवर अडून राहूच नका, कॉलेजजवळचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, धरा. एक बाय एक मीटरचे क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीचे चौकोन, आखा आणि जूनपासून दर महिन्याला त्यांतलीच झाडं मोजा. जांभ्यावर माती पातळ, नायट्रोजन कमी, म्हणून तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं ही रोपटी किडे पकडून भागवतात. दिवाळीनंतर सगळं वाळतं आणि लोक त्याला पडीक जमीन म्हणतात, मुलांच्या वहीत मात्र पावसाळ्याची पूर्ण यादी असते! पंचायतीत दाखवता येईल असा कागद तयार होतो. झाडं उपटायला लावू नका, फोटो पुरतात.

रानवाट: हे फार आवडलं, सडा अगदी कॉलेजमागेच आहे. पण क्वाड्रॅटच्या खुंट्या जांभ्यात रुततील का?

सड्यावरचा: नाही रुतत. कोपऱ्यांवर ऑइल पेंटचे छोटे ठिपके द्या, कारण फोनचं लोकेशन चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि नुसते दगड ठेवले तर गुरं हलवतात.