मदत हवी आहे: केमिस्ट्री पीएचडीनंतर सस्टेनेबल मटेरियल्सच्या इंडस्ट्रीत कसं शिरावं?

नमस्कार मंडळी, माझी पीएचडी संपत आलीय, विषय व्हिट्रिमर्स, म्हणजे असं थर्मोसेट (एकदा सेट झालं की एरवी परत न वितळणारं प्लास्टिक) जे तापवलं की आतले बाँड्स जागा बदलतात आणि परत मोल्ड करता येतं (२०११ मध्ये लुडविक लाइबलर या शास्त्रज्ञाच्या ग्रुपने दाखवलं तेच). आता पेपरपुरतं नको, खरंच वापरात येईल असं काम करायचंय. अडचण अशी की लॅबमध्ये मी चार-पाच ग्रॅमची फिल्म बनवते, एनएमआर, डीएससी, रिओलॉजी अशा मटेरियल तपासायच्या टेस्ट सगळ्या जमतात, पण इंटरव्ह्यूत विचारतात ट्विन स्क्रू एक्सट्रूडर (प्लास्टिक वितळवून मिसळायचं मशीन) चालवलाय का, एलसीए (लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे वस्तू बनवण्यापासून टाकून देईपर्यंत पर्यावरणावर होणाऱ्या परिणामाचा हिशोब) येतं का, आणि तिथेच गाडी अडते. एलसीए तर मलाही महत्त्वाचं वाटतं, कारण बायोबेस्ड (वनस्पतींसारख्या जैविक गोष्टींपासून बनवलेलं) म्हणजे आपोआप कुजणारं असं नसतं ना, पीएलए हे बायोबेस्ड प्लास्टिकसुद्धा नीट कुजायला साधारण ५८ डिग्रीचं इंडस्ट्रियल कंपोस्टिंग लागतं.

पॅकेजिंग, कोटिंग्ज, कंपोझिट्सच्या आर अँड डीत कोणी आहे का? आधी ॲप्लाइड पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं रिसर्चचं काम) करू की थेट फॉर्म्युलेशनच्या (घटक मिसळून प्रॉडक्ट बनवायच्या) जॉबला अप्लाय करू? एलसीएचा कोर्स पुरतो की स्वतःच्याच मटेरियलवर केलेली स्टडी दाखवलेली बरी? टेस्टिंग-सर्टिफिकेशनवाल्यांनीही प्लीज सांगा, तिथे पीएचडीवाल्यांना कसलं काम असतं?