मदत हवी आहे: खाऱ्या हवेत पोर्टेबल एचएफ सेट गार ठेवायचा की बंद ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

मी दापोली तालुक्यात, अंजर्ल्याच्या बाजूला राहते. हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स हातात येऊन तीन वर्षं झाली. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळं लिहिते.

सेट २० वॅटचा आहे. एचएफ (लघुलहरी), ॲल्युमिनियमची पेटी, मागे फिन्स, आत-बाहेर कुठेही पंखा नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार सेटबद्दल नाहीच. हाच सेट पुण्यात मैत्रिणीकडे असता तर मला हा धागा काढावा लागला नसता. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, चार सेलची. अँटेना ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकारात ताणलेली तार), मधलं टोक बांबूवर. घरामागच्या सड्यावर नेऊन लावते. कातळावर झाड नाही, सावली नाही, समोर थेट समुद्र.

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे माड आणि पोफळी आडव्या झाल्या, पडवीवरचं छप्पर उडालं, वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले. मुंबईतल्या भावाला आम्ही जिवंत आहोत हे कळायला कित्येक दिवस लागले, तेही दापोलीहून कुणी माणूस गेला तेव्हा. त्या दिवसांत मी ठरवलं की पुन्हा असं झालं तर या गावातून एक तरी निरोप बाहेर गेला पाहिजे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा अंदमानात भारती प्रसाद यांच्या चमूने हॅम रेडिओवरून निरोप पोचवले होते, ते नंतर वाचलं आणि परीक्षेला बसले. त्यामुळे हा सेट माझ्यासाठी छंदापेक्षा जास्त आहे. पावसाच्या आधी तो धड असलाच पाहिजे.

आता अडचणी.

पहिली, उष्णता. बोलण्यात (एसएसबी) काही त्रास नाही. पण एफटी८ वर (संगणकाने छोटे निरोप पाठवायची डिजिटल पद्धत) दर ३० सेकंदांत १२.६४ सेकंद पूर्ण ताकदीने वाहक (रेडिओलहर) चालू असतो. मल्टिमीटरचा थर्मोकपल मागच्या फिनला चिकटवून पाहिलं. पडवीत हवा ३३ अंश, चाळीस मिनिटांत फिन ६१ वर. सड्यावर उन्हात तर हात लावता येत नाही. ताकद २० वरून १० वॅटवर आणली, तरी फार फरक पडला नाही. हे का, ते कळत नाही. ताकद निम्मी केली तर गरमीही निम्मी व्हायला हवी ना?

दुसरी, मीठ. मागच्या पावसाळ्यानंतर बीएनसीच्या (अँटेनाच्या सॉकेटच्या) भोवती हिरवट थर आणि स्टीलचे स्क्रू जिथे ॲल्युमिनियममध्ये जातात तिथे पांढरी पावडर दिसली. मी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलं. महिन्याभरात पुन्हा तेच.

तिसरी, संरक्षक पिंजरा. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून थ्रीडी प्रिंटेड बाजूचे कठडे आणि स्क्रीनवरचं झाकण मागवलं. मे महिन्यात दुपारी गाडीत राहिलं आणि कठडा वाकला. आता तो सेटला बसतही नाही.

मग विचार केला की मागे पंखे लावावेत आणि सेट कडक वॉटरप्रूफ पेटीत ठेवावा. इथेच अडकले आहे. पंखा लावला तर खारी हवा सेटवर सतत मारली जाणार, आणि पेटीत बंद केला तर भाजून निघणार. दोन्ही एकत्र कसं जमवायचं? किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी काय केलंय ते कृपया सांगा. पुण्या-मुंबईच्या सल्ल्याचाही आदर आहे, पण इथल्या हवेचा अनुभव असेल तर आधी हवा.

७३ (हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा)
कातळावरची

*

प्रतिसाद: सोल्डरकाका

ताई, सगळ्यात आधी तुमच्या गरमीच्या गणिताचं पाहू. मीटरवर दोन्ही वेळा करंट किती दाखवतो? तो आकडा दिलात तर उत्तर त्यातच आहे.

*

प्रतिसाद: कातळावरची

काका, २० वॅटला ५ अँपिअर, १० वॅटला ३.७. बॅटरी १३ व्होल्टवर होती.

*

प्रतिसाद: सोल्डरकाका

झालं तर मग. २० वॅटला १३ गुणिले ५, म्हणजे ६५ वॅट आत गेले, २० अँटेनाला गेले, ४५ उष्णता. १० वॅटला ४८ आत, १० बाहेर, ३८ उष्णता. ताकद निम्मी झाली, पण गरमी जेमतेम सहाव्या हिश्श्याने कमी झाली. अशा लिनियर ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता कमी ताकदीला घसरते, म्हणून हे होतं. तेव्हा ताकद कमी करणं हा थोडासाच इलाज आहे. ऐकणाऱ्याला मात्र २० चे १० झाले तरी ३ डीबीचा, म्हणजे अर्ध्या एस युनिटचाच (एस म्हणजे सेटच्या मीटरवरचं सिग्नलच्या ताकदीचं माप) फरक पडतो. बॅटरी वाचवायला जरूर १० वर चालवा, सेट गार करायला हा उपाय धरू नका.

खरा उपाय: फिन्सवर वारा, आणि फक्त फिन्सवर. तुमच्या सेटची पेटी बंद आहे, आतली उष्णता धातूतून मागे येते. म्हणजे वारा आत न्यायची गरजच नाही. जे लोक झाकणाला भोकं पाडून आत पंखा बसवतात त्यांचं वर्षभरात काय होतं ते मी बघितलंय. रत्नागिरीला तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट दुरुस्ती केली आहे. खारी हवा आत ओढणारा प्रत्येक सेट माझ्या टेबलावर यायचा.

मीठ नुसतं कोरडं बसलं तर फार बिघडत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आषाढात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच तुमच्या सर्किट बोर्डावर होतं. त्या खाऱ्या पाण्यातून करंट वाहतो आणि तांबं खाल्लं जातं. आपल्याकडे पावसाळाभर तर आर्द्रता त्याच्या वर असतेच, बाकी महिन्यांतही रात्री असते.

आणि अल्कोहोलने पुसूनही पुन्हा पुन्हा थर का येतो? मीठ आयसोप्रोपाइलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. तुम्ही ते फक्त इकडून तिकडे पसरवत होतात. आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेल्या कापडाने पुसा, दोनदा. मग अल्कोहोल, म्हणजे राहिलेलं पाणी उडून जाईल. क्रम उलटा करू नका. बॅटरी काढूनच करा, हे सांगायला नकोच.

*

प्रतिसाद: वेंगुर्ल्याचो

ताई, माझी बोट आसा, सोळा वर्षां झाली. माका हॅममधला काय कळत नाय, पण मिठातला कळता.

बाकी सगळ्यांना समजेल असं लिहितो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आम्ही बोटीवरचा व्हीएचएफ सेट उतरवून घरी आणतो. ओल्या फडक्याने पुसून, सुकवून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो. तांदळात ठेवायचं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तांदळाची पूड सॉकेटमध्ये जाते आणि ओल जाते तेवढीच. सिलिका जेल निळं घ्या, गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळं करायचं. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाचा तवा वापरू नका. नारिंगी जातीचंही मिळतं.

अजून एक. बोटीवर स्क्रू बसवताना आम्ही त्याला ग्रीस लावल्याशिवाय बसवत नाही. स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम जातं. तुमची पांढरी पावडर तीच. नायलॉनचे वॉशर घाला.

*

प्रतिसाद: लेयर_बाय_लेयर

थ्रीडी प्रिंटिंगचं माझ्याकडून. तुमचा कठडा पीएलए प्लास्टिकचा असणार. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर तेवढं होतंच, आणि तुमच्या फिन्स ६१ वर आहेत म्हणजे उन्हाशिवायही तो वाकला असता. पीईटीजी ८० च्या आसपास टिकतं, एएसए १०० च्या आसपास आणि ते उन्हातही लवकर ठिसूळ होत नाही. सड्यावर वापरणार असाल तर एएसएच मागा. मागवताना कठडा फिन्सवरून जात नाही ना, वाऱ्याची वाट अडवत नाही ना, ते चित्रात नीट पाहा. बरेच कठडे दिसायला दणकट असतात आणि नेमके फिन्सच झाकतात.

ॲल्युमिनियमचे कठडे मिळाले तर आणखी चांगलं, ते उष्णता थोडी वाहूनही नेतात. पण वरच्या दादांनी सांगितलेलं ग्रीस विसरू नका.

*

प्रतिसाद: कातळावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या लवकर एवढं नेमकं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. अल्कोहोलचं वाचून तर मी उठून लगेच सेट पुसायला घेतला. पहिल्या पुसण्यात कापड पिवळसर झालं, दुसऱ्यात जवळजवळ स्वच्छ.

एक शंका राहिली. पंखा कोणता? माझ्याकडे संगणकाचा जुना ८० मिमीचा १२ व्होल्टचा आहे. छोटा स्टेप-डाउन कन्व्हर्टर लावून हळू चालवून पाहिला, तर ४० मीटरवर एस ३ असलेला गोंगाट एस ६ वर गेला. दूरचे स्टेशन पार बुडाले.

*

प्रतिसाद: सोल्डरकाका

गोंगाट पंख्याचा कमी, कन्व्हर्टरचा जास्त. तो काढून टाका. २४ व्होल्टचा ८० मिमी पंखा आणा आणि थेट बॅटरीवर लावा. १३ व्होल्टवर तो सावकाश फिरतो, आवाज नाही, करंटही अगदी थोडा. मात्र दुकानातच १२ व्होल्टवर सुरू होतो का ते बघून घ्या, काही पंखे होत नाहीत. ४० मिमीचे दोन चिमुकले पंखे घेण्यापेक्षा मोठा एक हळू फिरणारा केव्हाही बरा. पंख्याच्या वायरला सेटपासून लांब फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या) कड्यावर सात-आठ वेढे द्या. ४५ अंशांचा नॉर्मली ओपन थर्मल स्विच फिनला चिकटवून पंख्याच्या वायरीत घाला, म्हणजे गरज असेल तेव्हाच फिरेल. जेवढा कमी फिरेल तेवढं मीठ कमी.

आणि फिन्स उभ्या येतील असा सेट ठेवा. गरम हवा वर जाते, आडव्या फिन्समध्ये ती अडकते. पुष्कळदा नुसत्या एवढ्याने चार-पाच अंश उतरतात.

*

प्रतिसाद: पर्वतीवरून

किनाऱ्याचा अनुभव नाही, पण एक गोष्ट विसरली जाते म्हणून. एसीच्या खोलीतून सेट काढून तसाच पावसाळी हवेत उघडू नका. गार धातूवर लगेच दव धरतं, आतल्या बोर्डावरसुद्धा. डबा बंदच ठेवून बाहेर न्यायचा, अर्धा तास थांबायचं, सेट बाहेरच्या हवेइतका उबदार झाला की मग झाकण उघडायचं.

*

प्रतिसाद: कातळावरची

आमच्याकडे एसी नाही, पण दापोलीला ज्यांच्याकडे दुसरा सेट ठेवायचा विचार आहे त्यांच्याकडे आहे. हे त्यांना सांगते.

बारा दिवसांनी लिहिते आहे. काय केलं ते असं.

२४ व्होल्टचा ८० मिमी पंखा दापोलीत मिळाला नाही, चिपळूणहून आणवला. मागच्या फिन्सपासून बोटभर अंतर ठेवून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवला. सेटला कुठेही भोक पाडलं नाही. सेट उभ्या फिन्सवर, लाकडी ठोकळ्यावर. पुन्हा ३३ अंशांत चाळीस मिनिटं एफटी८: आधी ६१ होतं, आता ४७. गोंगाट एस ३ च राहिला. थर्मल स्विच लावल्यापासून बोलताना पंखा सुरूच होत नाही, फक्त एफटी८ मध्ये फिरतो.

सड्यावर उन्हासाठी शिलाईमशीनवर पांढऱ्या ताडपत्रीचं छोटं छप्पर शिवलं, चारी बाजू उघड्या. काळी पिशवी होती ती आता फक्त तारांना.

बीएनसी आणि वापरात नसलेल्या सॉकेटना रबरी टोप्या. अँटेनाच्या जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप. सगळे बाहेरचे स्क्रू काढून ग्रीस लावून परत घातले. दोन इतके धरले होते की एकाचं डोकं उडालं, ते ड्रिल करून काढावं लागलं. आणखी एक पावसाळा गेला असता तर ती कडाच गेली असती.

काम झालं की ओल्या फडक्याने बाहेरून पुसून, सुकवून, स्टीलच्या मोठ्या डब्यात. लाडवांचा डबा होता, आईने दिला. सिलिका जेल दीड मुठी. झाकणाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, आता घट्ट बसतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवला: बाहेर ८४ टक्के असताना आत दुसऱ्या दिवशी ३८.

म्हणजे वापरताना फक्त फिन्सवर वारा, आणि ठेवताना पूर्ण बंद. मी दोन्ही एकाच वेळी करायला बघत होते, म्हणून अडकले होते.

एएसएचे कठडे मागवले आहेत, अजून आले नाहीत. आले की फिन्सचा फोटो टाकते.

वेंगुर्ल्याचे दादा, एक विचारू का? बोटीवर ओलाव्यात सेट चालूच ठेवावा लागतो तेव्हा तुम्ही माइकच्या प्लगचं काय करता? माझा माइक आरजे प्लगचा (लँडलाइन फोनच्या प्लगसारखा) आहे, त्याला टोपी मिळत नाही.

*

प्रतिसाद: वेंगुर्ल्याचो

ताई, प्लगात सिलिकॉन ग्रीस नखाएवढं भरायचं, खटका बसेपर्यंत दाबायचं, वरून जुन्या रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा ओढायचा. दोन पावसाळे जातात. मग मोजा बदलूचो.