मदत हवी आहे: द्राक्षाच्या चोथ्याचं इन्हिबिटर, रीडिंग जुळत नाहीयेत

स्नेहल_निफाड: एमएससीचा प्रोजेक्ट आहे: अ‍ॅसिडमध्ये लोखंड झिजू नये म्हणून घालायचं द्रव्य, म्हणजे इन्हिबिटर, द्राक्षाच्या चोथ्यापासून करायचं. वायनरीतून आणलेला चोथा उकळून अर्क एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड) घालते, एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं पोलाद) पट्ट्या बुडवून वेट लॉस, म्हणजे वजन किती घटलं ते काढते. आधी एफिशियन्सी (झीज किती थांबली) ८५ टक्के आली, आता त्याच अर्काने जेमतेम ४०. पुढच्या आठवड्यात गाइडला दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

जुना_फोरमन: अ‍ॅसिड किती स्ट्राँग, टेंपरेचर किती, पट्टी किती तास, घासली कशाने? काहीच लिहिलं नाहीस बेटा. मी अंबडला पिकलिंगच्या (पत्र्याचा गंज अ‍ॅसिडने काढायच्या) टाकीवर होतो, आम्ही इन्हिबिटर म्हणून सरळ हेक्झामिन टाकायचो, स्वस्त आणि खात्रीचं.

लासलगावकर: चोथ्याच्या नादी लागू नका ताई. कांद्याची सालं घ्या, क्वेर्सेटिन भरपूर, तेही इन्हिबिटरचं काम करतं, आमच्याकडे खळ्यांवर ढीग लागलेत.

स्नेहल_निफाड: काका, हेक्झामिन अ‍ॅसिडमध्ये फुटून फॉर्माल्डिहाइड सुटतं, कामगारांच्या नाकात तेच जातं, म्हणून तर हा विषय घेतला. १ मोलर एचसीएल, ६ तास, एमरी पेपर मग अ‍ॅसिटोन, रूम टेंपरेचर.

गंगापूररोडकर: गच्चीच्या ग्रिलला लावता येईल का हे? दर पावसाळ्यात गंज चढतो.

टॅफेल: ग्रिलला नाही हो, अ‍ॅसिडमध्ये असेपर्यंतच हे पत्र्याला धरून राहतं, धुतलं की गेलं. रेड ऑक्साइड मारा.
स्नेहल, रूम टेंपरेचर म्हणजे जानेवारीतलं का एप्रिलमधलं? नाशकात केवढा फरक पडतो, वॉटर बाथ (तापमान एकसारखं ठेवणारं पाण्याचं भांडं) लावाच. आणि चोथा रेड वाइनचा का व्हाइटचा? रेड सालं-बियांसकट आंबवतात, साखर संपलेली असते. व्हाइटचा रस आंबवायच्या आधीच पिळून घेतात, चोथ्यात साखर तशीच राहते.

स्नेहल_निफाड: व्हाइटचा. बाटली कपाटात असते, झाकण उघडलं की फस्सकन गॅस येतो, वर पांढरट साय धरलीये.

टॅफेल: मग अर्क आंबलाय, टाकून द्या. बिया वेगळ्या काढून वाळवून दळा, टॅनिन, म्हणजे लोखंडाला चिकटून वाचवणारं द्रव्य, तिथेच जास्त. पाणी-अल्कोहोलमध्ये काढून पावडर करा, वजनाने घाला, म्हणजे डोस दर वेळी तोच. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून बघा, हिरवट किंवा निळसर काळं झालं तर टॅनिन आहे. तुलनेसाठी बिनइन्हिबिटरच्या अ‍ॅसिडमधली पट्टी त्याच दिवशी त्याच बाथमध्ये ठेवा, जुना आकडा धरू नका.

लासलगावकर: सालं वाळलेलीच असतात, आंबायची भानगडच नाही. अजूनही सांगतो.

जुना_फोरमन: टाकीत शेवटी हेक्झामिनच टिकतं. पण फॉर्माल्डिहाइडचं खरंय, डोळे चुरचुरायचे.

स्नेहल_निफाड: बाथ डिपार्टमेंटला एकच आहे, सोमवारी नंबर लावते. रेडचा चोथा दिंडोरी साइडला कुणाकडे मिळेल?

जुना_फोरमन: भाचा आहे तिकडे वायनरीत. व्यनि (खासगी निरोप) कर.