शब्दचर्चा : रसायनशास्त्रातील ‘यील्ड’ला ‘उतारा’ म्हणावे का?

प्रश्न (तासगाव) :
माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि आता अकरावीच्या शास्त्र शाखेत आहे. रसायनशास्त्राच्या गणितांतील ‘पर्सेंटेज यील्ड’ समजावून सांगताना मी ‘शेकडा उतारा’ असा शब्द वापरला, कारण उसाच्या गाळपामुळे तो आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. हा शब्द येथे चालेल का? शिवाय ‘लिमिटिंग रीएजंट’ला ‘मर्यादित अभिक्रियाकारक’ म्हणावे की ‘मर्यादक’?

उत्तर (सांगली) :
शब्द आपलासा आहे, परंतु तो जसाच्या तसा उचलला तर मुलांचे गणित चुकेल. शंभर किलो उसामागे किती किलो साखर निघाली, हे कारखान्याचा उतारा सांगतो. म्हणजे भागाकारात छेदस्थानी कच्च्या मालाचे वजन असते. रसायनशास्त्रात छेदस्थानी असते ते समीकरणावरून काढलेले जास्तीत जास्त शक्य उत्पादन.

शुद्ध चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, १०० ग्रॅम घेऊन तापवली, तर समीकरणाप्रमाणे ५६ ग्रॅम कळीचा चुना मिळतो आणि उरलेले ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने निघून जातात. प्रत्यक्षात ५० ग्रॅम चुना हाती आला, तर कारखान्याच्या हिशेबाने उतारा ५० टक्के होईल. पण रसायनशास्त्राचे उत्तर ५० भागिले ५६, म्हणजे सुमारे ८९.३ टक्के आहे. एक कणही वाया गेला नाही तरी पहिल्या हिशेबात ५६ च्या पुढे जाता येत नाही, आणि दुसऱ्या हिशेबात तेच १०० टक्के ठरते.

त्या ४४ ग्रॅम वायूकडेही मुलांचे लक्ष वेधावे. तो एक मोल आहे, म्हणजे रेणूंच्या ठरावीक संख्येइतका. शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला त्याचे आकारमान सुमारे २२.४ लिटर भरते, कारण वायूचे रेणू एकमेकांपासून दूर राहून सतत वेगाने फिरत असतात. उघड्या भट्टीत ते बाहेर पडतात, म्हणून अभिक्रिया पुढे सरकत राहते. भांडे बंद असेल तर वायूचा दाब वाढतो, त्याचे रेणू चुन्याशी पुन्हा संयोग पावू लागतात आणि चुनखडीचा काही भाग तसाच राहतो. उत्पादन घटण्याचे कारण दर वेळी सांडलवंडच असते असे नाही, हे येथे नेमके दिसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : ‘मर्यादक’च म्हणावे. जो पदार्थ आधी संपतो तो उत्पादनाला मर्यादा घालतो. ‘मर्यादित’ म्हटले की अर्थ उलटतो. २८ ग्रॅम नायट्रोजनला पूर्ण अभिक्रियेसाठी ६ ग्रॅम हायड्रोजन लागतो. ३ ग्रॅमच दिला, तर हायड्रोजन मर्यादक ठरतो आणि अमोनिया ३४ ऐवजी फार तर १७ ग्रॅम मिळतो.

पुरवणी (कराड) :
कारखान्याच्या प्रयोगशाळेतही हे दोन्ही हिशेब होतात. समजा, उसात १४ टक्के साखर होती आणि उतारा १२ टक्के पडला, तर उसातल्या साखरेपैकी सुमारे ८५.७ टक्के साखर पोत्यात आली. बाकीची बगॅस (उसाचा चोथा), मळी आणि प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) गेली. रसायनशास्त्राचा ‘यील्ड’ या दुसऱ्या आकड्याच्या जातीचा आहे. त्यामुळे ‘उतारा’ वापरायचाच असेल, तर ‘शक्य उत्पादनाच्या तुलनेत शेकडा उतारा’ असा पूर्ण शब्दप्रयोग करावा आणि वहीत छेदस्थानी कोणते वजन घेतले तेही लिहायला लावावे.