आजीच्या खोलीत केटू मीटर पेटला, आईला काय सांगू?

कोकणीपोर
नमस्कार मंडळी, जरा मोठं आहे पण वाचा प्लीज. आमचं गावचं घर कणकवलीच्या पुढे आत आहे, जुनं कौलारू, पडवी, माजघर, वर माळा. मार्चमध्ये आजी गेली. तेव्हापासून आई म्हणते रात्री माळ्यावर कोणीतरी चालतं. मी मुंबईला असतो त्यामुळे मी कधी ऐकलं नव्हतं. गणपतीला सगळे जमलो तेव्हा माझा भाचा, जो दिवसभर घोस्ट हंटिंगचे व्हिडिओ बघत असतो, तो ऑनलाइन मागवलेला केटू मीटर (भूत जवळ आलं की पेटतो म्हणे) आणि स्पिरिट बॉक्स (आत्म्याचा आवाज ऐकवतो म्हणे) घेऊन आला. रात्री साडेअकराला दिवे घालवून आजीच्या खोलीत बसलो, मीटर तिच्या खाटेच्या उशाशी भिंतीला लावून ठेवला. पाच दिवे असतात त्याला, हिरव्यापासून लालपर्यंत. "पणजी, तू इथे आहेस का" असं त्यानं विचारलं, काही नाही. परत विचारलं, काही नाही. तिसऱ्यांदा विचारलं आणि चार दिवे एकदम पेटले, पंधरा-वीस मिनिटं तसेच राहिले आणि आपोआप विझले. मग बॉक्स लावला तर त्या खरखरीतून "हो" असं आलं. आई जी रडायला लागली ती थांबेचना, तिला वाटतंय आजीची काहीतरी इच्छा राहिलीय. आता पलीकडच्या वाडीतला एक माणूस घर बघून गेलाय, अकरा हजार आणि कोंबडा सांगतोय. माझा या गोष्टींवर विश्वास नाही असं म्हणावं तर तो "हो" मी माझ्या कानांनी ऐकलाय. खरंच काय असेल?

वायरमनदादा
२२ वर्षं घरांची वायरिंग करतोय म्हणून सांगतो, केटू हा विजेच्या आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र दाखवणारा मीटर आहे, त्याला आत्मा कळत नाही, ५० हर्ट्झची लाइन कळते. आधी मला सांगा त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे? फ्रीज? पंपाचा स्टार्टर? मीटरबोर्ड? पंधरा-वीस मिनिटं पेटून आपोआप विझला हे वाचल्या वाचल्या माझ्या डोक्यात कॉम्प्रेसरच आला, तो तसाच चालतो आणि थांबतो. तुम्ही प्रश्न विचारतच राहिलात तर कुठल्या तरी प्रश्नाच्या वेळी तो चालू होणारच. आणि जुन्या घरांत फेज एका वाटेनं आणि न्यूट्रल दुसऱ्याच वाटेनं फिरवलेली असते. दोन्ही वायरी शेजारी असल्या की एकमेकींचं क्षेत्र बरंचसं मारतात, लांब गेल्या की भिंतीपासून हातभर अंतरावरही मीटर नाचतो. भाचा शूटिंग मोबाईलवर करत होता ना, मोबाईल जवळ असला तरी हा मीटर पेटतो. सगळे फोन फ्लाइट मोडवर टाका, मेन पाडा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा आणि मग तेच प्रश्न विचारा. आई समोर हवी.

सावंतवाडीची_लेक
मी मानते. आमच्याकडे देवचार आहे, राखणदार आहे, माझे आजोबा रात्री शेतावर जाताना त्याला सांगूनच जायचे आणि मीसुद्धा गावी गेले की नारळ ठेवते, त्यात मला काही लपवायचं नाही. पण म्हणूनच मला हे मीटर-बिटर अजिबात पटत नाही. हंटिंग म्हणजे शिकार ना? गेलेल्या माणसाच्या खाटेशी अंधारात यंत्र लावून "असलीस तर दिवा पेटव" म्हणायचं, ही काय पद्धत झाली आजीशी बोलायची? आमच्याकडे गेलेल्या माणसाला पान वाढतात, नाव घेऊन हात जोडतात, पुरावा मागत नाहीत. आणि त्या अकरा हजारवाल्याला घरात घेऊ नका. आईच्या मनात काही राहिलं असेल तर देवळात जाऊन गाऱ्हाणं घाला, त्याला नारळ पुरतो.

पेठकर
स्पिरिट बॉक्सबद्दल. तो एफएमची स्टेशनं भराभर पुढे सरकवत जातो, प्रत्येकावर क्षणभरच थांबतो, त्यामुळे निवेदकाचा अर्धा शब्द, गाण्याचा तुकडा, खरखर असं सगळं एकत्र कानावर येतं आणि आपण जे ऐकायला बसलोय तेच त्यातून उचलतो. शनिवारवाड्याचं घ्या. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, तोही दिवसाढवळ्या दुपारी. तरी "काका मला वाचवा" म्हणे रात्रीच ऐकू येतं, कोणी अमावस्येला सांगतं, कोणी पौर्णिमेला. वाडा १८२८ च्या आगीत जळला, आत आता जोती आणि बाग उरलीय. कॉलेजात असताना आम्ही सहा जण अमावस्येला बाहेरच्या भिंतीशी दोन वाजेपर्यंत बसलो होतो. एकाला "काका" ऐकू आलं, मला रिक्षा ऐकू आली. शेजारी शेजारी बसलो होतो आम्ही. तो खोटं बोलत नव्हता, त्याला ते वाक्य लहानपणापासून पाठ होतं. तुमची क्लिप अशा लोकांना पाठवा ज्यांना प्रश्न काय होता तेच माहीत नाही, फक्त विचारा काय ऐकू येतं.

सातारकर_अनिस
मी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करतो. ताई, श्रद्धेला आमचा विरोध नाही, गाऱ्हाण्यालाही नाही. पण त्या माणसाबद्दल सावध करतो कारण सुरुवात कोंबड्यानं होते आणि मग घरातल्याच कुठल्यातरी बाईच्या अंगात आजी आहे असं निघतं, ती पुढची पायरी मी दोन घरांत बघितलीय. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण, मिरचीची धुरी हे सगळं जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. डॉ. दाभोलकर या कायद्यासाठी किती वर्षं झगडले, २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. तेव्हा वापरा तो. आईला मात्र "तू अंधश्रद्धाळू आहेस" असं एकदाही म्हणू नका, सासू गेलीय त्यांची, इतकी वर्षं एका घरात काढलीत दोघींनी.

कोकणीपोर
अपडेट देतो, शनिवार-रविवार गावी जाऊन आलो. वायरमनदादा, भिंतीच्या पलीकडे फ्रीजच आहे!! फोन फ्लाइट मोडवर टाकले, मेन पाडला, इन्व्हर्टर आमच्याकडे नाही, मीटर त्याच जागी उशाशी. भाच्यानं तासभर विचारलं, एक दिवा नाही. मग मेन लावला आणि मी आईचा हात फ्रीजवर ठेवला, कॉम्प्रेसर सुरू झाल्याची थरथर तिच्या हाताला लागली त्याच क्षणी आतून भाचा ओरडला पेटला पेटला. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच. क्लिप ऑफिसमधल्या तिघांना पाठवली होती, एकाला "गो" ऐकू आलं, एकीला "दो", तिसऱ्याला काहीच नाही.

आई गप्प होती. मग म्हणाली माळ्यावर कोण चालतं ते सांग. रात्री दोनला बॅटरी घेऊन चढलो तर जुन्या पाटीच्या मागे दोन डोळे चमकले, कांडेचोर, म्हणजे ते मांजरासारखं रानटी जनावर, लांब शेपूट सोडून वाशावरून सरळ कौलाच्या फटीतून बाहेर. सकाळी बघितलं तर कोपऱ्यात बियांनी भरलेली घाण पडलीय, म्हणजे बरेच दिवस मुक्काम असणार. त्या माणसाला येऊ नको म्हणून आईनंच फोन केला. सावंतवाडीच्या ताई, येताना देवळात जाऊन आलो, आईनं गाऱ्हाणं घातलं आणि मी मागे उभा राहिलो. ती क्लिप डिलीट करू का विचारलं तर म्हणाली राहू दे.

वायरिंग दिवाळीनंतर बदलून घेतोय. कांडेचोर परत येऊ नये म्हणून वाशांच्या टोकाला जाळी मारली तर टिकते का, कोणी केलंय का?