आकाशातले रस्ते: दोष रचनेचा की व्यवस्थेचा?

पायवाट

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या नगरपालिकांनी श्रमिकांसाठी भाड्याची जी घरे बांधली, त्यांतल्या अनेक वसाहतींत घराचे दार जमिनीवरच्या रस्त्यावर उघडत नसे. ते उघडत असे इमारतीच्या वरच्या मजल्यांवरून सलग जाणाऱ्या, डोक्यावर छत आणि एका बाजूला नुसता कठडा असलेल्या रुंद मार्गावर. या मार्गांना तिकडे 'डेक' म्हणत आणि त्यांचे पुरस्कर्ते त्यांना आकाशातले रस्ते म्हणत. 1980 नंतर अशा कितीतरी वसाहती जमीनदोस्त झाल्या आणि त्यांच्या अपयशाचे खापर या डेकवर फोडले गेले. हे खापर चुकीच्या माथी फुटले, असे माझे ठाम मत आहे.

माझा मुख्य पुरावा म्हणजे शेफील्ड शहरातले पार्क हिल हे गृहसंकुल. शहराचे मुख्य वास्तुविशारद जे. लुईस वॉमर्स्ली यांच्या हाताखाली जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ या दोन तरुणांनी त्याचा आराखडा केला आणि 1957 ते 1961 या काळात तिथे 995 घरे उभी राहिली. जागा तीव्र उताराची होती. इमारतीचे छत मात्र सर्वत्र एकाच पातळीवर ठेवल्यामुळे टेकडीच्या वरच्या अंगाला ती चार मजल्यांची आहे, तर खालच्या अंगाला तेरा मजल्यांची. याचा फायदा असा झाला, की सर्वांत वरचा डेक सोडला तर बाकीचे डेक कुठे ना कुठे टेकडीच्या जमिनीला येऊन मिळतात. सुमारे तीन मीटर रुंदीच्या या मार्गावरून दूधवाल्याची विजेवर चालणारी गाडी दारापर्यंत येत असे. पाडलेल्या दाटीवाटीच्या वस्तीतल्या गल्ल्यांची नावे डेकना दिली होती, आणि जुने शेजारी शक्यतो शेजारीच राहतील अशी घरांची वाटणी केली होती.

पहिली कित्येक वर्षे रहिवासी तिथे समाधानाने राहिले. उतरती कळा लागली ती शहराचा पोलाद उद्योग ढासळल्यावर, भाडेकरूंना घर विकत घेण्याचा हक्क देणाऱ्या 1980 च्या कायद्याने चांगली घरे नगरपालिकेच्या हातून जाऊ लागल्यावर आणि देखभालीचा पैसा आटल्यावर. मधल्या काळात डेकमध्ये काहीही बदललेले नव्हते. मग दोष डेकचा कसा?

शाल्मली

पायवाट, आपण पार्क हिल निवडले आणि तिथेच युक्तिवाद सोपा करून घेतला. ती टेकडी शेफील्डला आहे, म्हणून डेक जमिनीला टेकले. ही कल्पना सपाट जमिनीवर नेली तेव्हा काय झाले, ते मँचेस्टरच्या ह्यूम भागात पाहावे. तिथल्या चार अर्धवर्तुळाकार इमारती 1972 पर्यंत पूर्ण झाल्या आणि त्यांचे आराखडे विल्सन आणि वॉमर्स्ली यांच्या संस्थेने केले होते. हे वॉमर्स्ली म्हणजे आपण वर उल्लेखलेलेच गृहस्थ. शेफील्डचा अनुभव पूर्णपणे हाताशी असलेल्या माणसाने ती वसाहत घडवली. 1974 मध्ये तिथे एक लहान मूल वरून पडून मृत्युमुखी पडले, पुढे नगरपालिकेनेच ही घरे मुलाबाळांच्या कुटुंबांसाठी अयोग्य ठरवली, आणि 1990 च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत त्या इमारती पाडल्या गेल्या. विशीतच मोडकळीला आलेल्या वसाहतीला 'देखभाल कमी पडली' एवढे एकच स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही.

माझा आक्षेप रचनेच्या गाभ्याला आहे. पार्क हिलचा उभा छेद, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यासारखे चित्र, काढून पाहा. डेक दर तीन मजल्यांनी एक येतो. त्यावर दारे आहेत, पण घरांच्या राहत्या खोल्या डेकच्या वर किंवा खाली आहेत आणि बैठकीची खोली व सज्जा इमारतीच्या दुसऱ्या अंगाला, उजेडाकडे आणि देखाव्याकडे तोंड करून आहेत. आईने स्वयंपाक करता करता बाहेर नजर टाकावी आणि खेळणारी पोरे दिसावीत, अशी सोय त्या मार्गावर जवळजवळ नाही. शिवाय रस्ता जिवंत राहतो तो तिथे न राहणाऱ्या माणसांमुळे: पोस्टात निघालेला, दुकानात आलेला, नुसता चालत असलेला माणूस. सहाव्या मजल्यावरून असा माणूस कशाला जाईल? तिथे फक्त रहिवासी असतो किंवा ज्याने तिथे नसावे तो असतो. इमारती पुलांनी जोडल्या की दुसऱ्या प्रकारच्या माणसाला पळायला चार वाटा मिळतात. लंडनमध्ये ॲलिस कोलमन या भूगोल संशोधिकेने हजारो इमारती तपासून 1985 मध्ये हेच मांडले, आणि वेस्टमिन्स्टरमधल्या मोझार्ट वसाहतीतले पूल त्यांच्या शिफारशीनुसार पाडले गेले.

पायवाट

कोलमन यांचे काम मला ठाऊक आहे आणि त्याला तेव्हाच मिळालेले उत्तरही ठाऊक आहे. वास्तुरचनेचे संशोधक बिल हिलियर यांनी दाखवलेली अडचण साधी होती: कोलमन यांनी इमारतीत कचरा, मोडतोड, मूत्र आढळले की नाही याची नोंद केली, पण इमारत जितकी मोठी तितकी ती गोष्ट एकदा तरी आढळण्याची शक्यता जास्त, हे त्यांनी हिशेबात धरले नाही. पुलांचे म्हणाल तर लंडनच्या लिसन ग्रीन वसाहतीत पूल काढणे आणि प्रवेशाला इंटरकॉम बसवणे ही दोन्ही कामे जवळजवळच्या काळात झाली. गुन्हे कमी झाल्याचे श्रेय एकट्या पूल पाडण्याला देता येत नाही.

ह्यूमची गोष्टही अर्धीच सांगितली गेली. ती घरे खोल्यांच्या फरशीखालून जाणाऱ्या विजेच्या तारांनी तापवायची होती. 1973 च्या तेलसंकटानंतर वीज इतकी महाग झाली, की गरीब भाडेकरूंनी ती यंत्रणा बंदच ठेवली. घरे गार पडली, भिंतींना ओल आली, आणि आतल्या नळांच्या पोकळ्यांमधून झुरळे घराघरांत पसरली. घाईघाईने जोडलेले काँक्रीटचे तयार भाग गळत होते ते वेगळेच. त्या घरात राहणारा माणूस डेकमुळे पळाला असे म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला त्याचे कपडे टोचत होते असे निदान करणे आहे.

आणि एक प्रश्न. लंडनचे बार्बिकन घ्या. दोन हजारांहून अधिक घरे, तेच काँक्रीट, जमिनीपासून वर उचललेले तेच पादचारी मार्ग. ते तर आज प्रतिष्ठेचे ठिकाण आहे. रचनाच घातक असती तर ती तिथेही घातक ठरली असती.

औदुंबर

बार्बिकनचा दाखला या वादात नेहमी येतो, आणि मला तो नेहमी अपुरा वाटतो. ती घरे सुरुवातीपासून चांगले उत्पन्न असलेल्या भाडेकरूंसाठी होती, सेवाशुल्क भरणारे लोक तिथे राहतात, पहारेकरी आहेत, आणि मार्गावरून नाट्यगृहाला व कार्यालयांना जाणाऱ्यांची वर्दळ आहे. ही शेवटची बाब पायवाट यांच्यापेक्षा शाल्मली यांच्या म्हणण्याला बळ देते, कारण तिथले उंच मार्ग कुठेतरी जातात.

आपल्यापैकी काहींच्या मनात गिरगावच्या चाळींची गॅलरी आली असेल. ती तुलना मला जपूनच करावीशी वाटते. चाळीत एका-दोन खोल्यांत अख्खे कुटुंब असल्यामुळे निवडणे-टिपणे, अभ्यास, गप्पा, झोप हे सगळे गॅलरीत सांडते. खोलीचे दार दिवसभर उघडे असते आणि खिडकी थेट गॅलरीत असते. पार्क हिलच्या घराला स्वतःचे स्नानगृह, स्वयंपाकघर आणि सज्जा होता. तिथल्या माणसाला डेकवर येण्याची गरजच उरली नव्हती, आणि ते घर चांगले होते याचाच तो परिणाम आहे.

त्यापेक्षा नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या स्पँगेन भागातले वास्तुविशारद मिखिएल ब्रिंकमन यांचे गृहसंकुल पाहावे. ते युद्धोत्तर नाही, 1919 ते 1922 या काळातले आहे, पण पुढच्या सगळ्या डेकवाल्यांचे ते मूळ मानले जाते. तिथे एकच मार्ग आहे, तोही फार उंचावर नाही, आणि तो आतल्या अंगणाभोवती फिरतो. खालून हाक मारली तर वर ऐकू जाते. माल चढवायला लिफ्ट होती आणि दूधवाले, पाववाले आपली ढकलगाडी घेऊन वर येत. ते संकुल दुरुस्त होऊन आजही वापरात आहे. न्यूकॅसलमध्ये राल्फ अर्स्किन यांनी बायकरला बांधलेल्या लांब भिंतीसारख्या इमारतीतही प्रवेशाचे सज्जे आहेत, पण ते अरुंद, लाकडी, झाडांच्या कुंड्या ठेवण्याजोगे आहेत, आणि रहिवाशांशी बोलत बोलत ती वसाहत आकाराला आली. म्हणून 'डेक चांगला की वाईट' असा सरसकट प्रश्न मला निरर्थक वाटतो. एका जिन्यावर किती दारे, डेक जमिनीपासून किती दूर आणि त्यावर किती खिडक्या, या तीन प्रश्नांवर बोलावे.

शाल्मली

औदुंबर यांचे तीनही प्रश्न मला मान्य आहेत, पण त्यांची उत्तरे देताना जी रचना उरते ती युद्धोत्तर डेकची राहत नाही, हे लक्षात घ्यावे. ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या वास्तुविशारद दांपत्याने लंडनच्या गोल्डन लेन वसाहतीसाठीच्या 1952 च्या आराखडा-स्पर्धेत मांडलेले स्वप्न शहरभर पसरणाऱ्या जाळ्याचे होते: डेक एका इमारतीतून दुसरीत, तिच्यातून तिसरीत जाणार. प्रत्यक्षात त्यांना पूर्व लंडनमध्ये रॉबिन हूड गार्डन्सच्या दोन इमारती बांधायला मिळाल्या, 1972 मध्ये, एकूण 213 घरांच्या. दाराशेजारी कुंड्या ठेवायला, क्षणभर थांबायला त्यांनी मुद्दाम कोनाडे सोडले. हेतू प्रेमळ होता, याबद्दल मला शंका नाही. पण जाळे नसल्यामुळे प्रत्येक डेक इमारतीच्या टोकाशी संपला, आणि वाहतुकीचा आवाज आतल्या हिरवळीपर्यंत पोचू नये म्हणून डेक बाहेरच्या, गोंगाटाच्या अंगाला घातले गेले. शेजाऱ्याशी गप्पा मारायची जागा जवळच्या बोगद्याकडे धावणाऱ्या गाड्यांच्या आवाजात!

माझा दुसरा मुद्दा पैशाचा आहे. ज्या रचनेला रोज झाडणारा, दिवे बदलणारा, लिफ्ट चालू ठेवणारा, अनोळखी माणसाला हटकणारा कर्मचारी अनिवार्य आहे, ती रचना देशातल्या सर्वांत गरीब भाडेकरूंसाठी निवडणे हाच निर्णयाचा दोष आहे. नगरपालिकेचे अंदाजपत्रक तीस वर्षांत कधीतरी आकसणारच, हे आराखडा करणाऱ्याने गृहीत धरायला हवे होते. नीव्ह ब्राउन यांनी लंडनच्या अलेक्झांड्रा रोडला 520 घरे बसवली, तीही काँक्रीटचीच आणि दाटच, पण बहुतेक दारे पायी चालायच्या एका खऱ्या रस्त्याकडे उतरतात. हा पर्याय त्याच काळात, त्याच साहित्यात उपलब्ध होता.

मृण्मयी

मी शेफील्डला राहते आणि पार्क हिल रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच समोर टेकडीवर दिसते, म्हणून आजची स्थिती नोंदवते. 1998 मध्ये ते संरक्षित वारसा वास्तूंच्या यादीत आल्यामुळे पाडले गेले नाही. नंतर एका खासगी विकासकाने पहिल्या टप्प्यात 260 घरांचा भाग काँक्रीटच्या सांगाड्यापर्यंत सोलून पुन्हा भरला. जुन्या विटांच्या जागी पिवळ्या-नारिंगी-तांबड्या ॲल्युमिनियमच्या तावदानांची रांग आली. 2013 मध्ये हे काम वास्तुकलेसाठीच्या ब्रिटनमधल्या स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत होते.

या चर्चेसाठी महत्त्वाचे दोन बदल डेकवर आहेत. या पहिल्या टप्प्यातल्या प्रत्येक घराच्या दाराशी आता डेककडे पाहणारी काचेची चौकट आहे, त्यामुळे संध्याकाळी डेकवर घरातला उजेड पडतो. आणि डेकवर जाण्याच्या वाटेला कुलूप आहे; चावी असलेल्या रहिवाशालाच आत जाता येते. शाल्मली यांचा खिडकीचा आक्षेप नव्या वास्तुविशारदांनी मान्य केला, असाच याचा अर्थ मी लावते. कुलपाबद्दल मात्र मला वाईट वाटते. पूर्वी पलीकडच्या वस्तीतला कुणीही टेकडीवरून चालत येऊन डेकवरून खाली शहरात उतरू शकत असे. तो डेक खरोखर कुठेतरी जात होता.

पायवाट

मृण्मयी, आपल्या नोंदीमुळे माझा मुद्दा अधिक नेमका मांडता येतो. खिडकी बसवता आली. म्हणजे रचना दुरुस्त करता येण्याजोगी होती, आणि शाल्मली यांनी दाखवलेला सर्वांत गंभीर दोष काचेच्या एका चौकटीने बराच कमी झाला. हीच दुरुस्ती 1980 च्या दशकात मूळ भाडेकरूंसाठी का केली गेली नाही? नगरपालिकेला भाड्याच्या घरांवर खर्च करण्यापासून केंद्र सरकार रोखत होते, म्हणून. नंतर पैसा आला तो मुख्यतः विक्रीच्या घरांसाठी. जी 995 घरे सगळीच्या सगळी नगरपालिकेच्या भाड्याची होती, त्यांतला लहानसाच वाटा आता परवडणाऱ्या भाड्यावर आहे. तोच सांगाडा, तोच डेक, फक्त राहणारे बदलले, आणि अपयश एकाएकी पारितोषिकाच्या यादीत गेले. यात मला रचनेचा दोष दिसत नाही.

शाल्मली

निधीच्या अन्यायाबद्दल माझा आपल्याशी वाद नाही. पण 'दुरुस्त करता येते' आणि 'चांगली आहे' यांत अंतर आहे, आणि ते अंतर मधली वीस वर्षे त्या घरांत काढणाऱ्या भाडेकरूने सोसले. रॉबिन हूड गार्डन्सची पहिली इमारत 2017 मध्ये पाडायला घेतली तेव्हा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तिचा तीन मजल्यांचा तुकडा आपल्या संग्रहात घेतला आणि पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात उभा केला. लोक त्या डेकवर चढून उभे राहिले. तो जपला याचा मला आनंदच आहे. मात्र त्याच्या सोबत लिफ्ट किती दिवस बंद असे, दिवा गेल्यावर तो किती दिवसांनी लागे आणि अंधार पडल्यावर बायका कोणत्या जिन्याने जात, याची रहिवाशांकडून घेतलेली नोंद ठेवली पाहिजे. लंडनमध्ये अजून उभ्या असलेल्या डेकवाल्या वसाहती पाडायच्या की सुधारायच्या हे ठरवणाऱ्यांनीही छायाचित्रांच्या आधी ती नोंद मागावी, एवढीच माझी मागणी आहे.

औदुंबर

या मागणीला माझा पाठिंबा आहे, आणि तिच्यात एक भर घालतो. ती नोंद आज तिथे राहत असलेल्या भाडेकरूंकडून, त्यांना घर सोडण्याची नोटीस मिळण्याआधी घ्यावी. इमारत पाडायची ठरली की दुरुस्ती थांबते, घरे एकेक करून रिकामी ठेवली जातात, आणि नंतर त्याच उजाड डेकचे छायाचित्र पाडण्याचे समर्थन म्हणून दाखवले जाते. त्या छायाचित्रावरून पायवाट यांचा दावाही तपासता येत नाही आणि शाल्मली यांचाही.